आदितीनं न केलेले दहा उपवास

राजारामपुरी, कोल्हापूर
३ ऑगस्ट २०२५

आत्ती,

जय जिनेंद्र. हे पत्र बसून वाच आणि मनात वाच. तू मनात वाचतेस तेव्हाही गोठ्यातली म्हैस मान वळवते, म्हणून सांगतेय. फोन मुद्दाम केला नाही. तुला ऐकू येत नाही म्हणून तू स्पीकर लावतेस, आणि मग माझं पोट बिघडलं तरी शिरोळच्या स्टँडवर चर्चा होते. आकाराम दुधाचा टेम्पो घेऊन रोज इकडं येतोच, त्याच्या हाती पत्रं पाठवू. त्याला काय वाटायचं ते वाटू दे.

मला मधेच अंगावर जात होतं ते तुला माहीत आहे. कागलला कंपनीजवळच्या डॉक्टरनं 'लग्न ठरलंय ना, टेन्शन असणार' म्हणून गोळ्या दिल्या आणि मी सहा महिने त्या शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या. शेवटी श्रुतीनं, म्हणजे माझ्या रूममधल्या मैत्रिणीनं, धरून मोठ्या दवाखान्यात नेलं. गर्भपिशवीच्या तोंडाचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर आहे.

लहान आहे अजून, वाटाण्यापेक्षा थोडा मोठा. 'क्लिअर सेल' म्हणतात. फार कमी जणींना होतो, आणि त्यातल्या बऱ्याच माझ्यासारख्या तरण्या पोरी असतात. शाळेत माझा कधी कशात नंबर आला नाही, आणि इथं बघ कुठं आला.

दोन रस्ते आहेत. एक, सगळी पिशवी काढायची. दुसरा, नुसतं तोंड आणि आजूबाजूच्या, रोग आधी जिथं पसरतो त्या, गाठी काढायच्या, आणि पिशवी ठेवून खालून शिवून घ्यायची. मग पुढं मूल होऊ शकतं. मला दुसरा हवाय. मी सव्वीस वर्षांची आहे आणि मला मूल हवंय. हे मी आजवर कुणाला बोलले नव्हते, लग्न ठरलं तेव्हासुद्धा.

तात्यांना सांगू नको. आई गेली तेव्हा ते महिनाभर ट्रॅक्टरवर बसून रडत होते आणि एक सरी सरळ निघाली नव्हती. वृषभला मी सांगितलंय. त्यानं समजून घेतलं.

तुझी
आदिती


शिरोळ
५ ऑगस्ट

चि. आदितीस,

आत्तीचा आशीर्वाद, आन त्या टेन्शनवाल्या डॉक्टरला दोन शिव्या. त्या तूच जाऊन घाल, तुला जवळ पडतंय.

पत्र गोठ्यात बसून वाचलं. रडले न्हाय. रडायला वेळ कुठाय, तुझा बा जेवायला बसला हुता आन भाकरी तव्यावर हुती. करपली तेवढी. त्यानं ती बी मुकाट्यानं खाल्ली, सवय हाय त्याला.

आता माझं ऐक. काढून टाक. त्यात काय? आमच्या गल्लीत पिशवी असलेली बाई शोधून दाखव, मी तिचा सत्कार करते. माझी काढली, माझ्या दोन्ही जावांची काढली, शेजारच्या चौगुल्याच्या सुनंची तर तिशी उलटायच्या आत काढली. पोटात दुखलं, काढ पिशवी. पांढरं गेलं, काढ पिशवी. दाढ दुखली असती तरी हितल्या डॉक्टरनं पिशवीच काढली असती. कुणाचं काय अडलं? सगळ्या शेतात भांगलायला जात्यात, सगळ्या भांडत्यात. तू जगायचं बघ. बाकीचं लाड हायत.

दुसरं. गेल्या साली सरकारी दवाखान्याची आशाताई सांगत हुती, ह्यो रोग कसल्या व्हायरसनं हुतोय म्हणं, बाईमाणसाच्या संबंधातनं. तुझं तर अजून लगीन न्हाय. मी विचारत न्हाय. पर विचारल्यासारखं समज आन लिव.

वृषभला सांगितलंस ते बरं केलंस. पोरगं चांगलं हाय. आईला विचारल्याबिगर शिंकत न्हाय एवढंच.

ऑपरेशनला मी येणार. न्हाय म्हणू नको.

चंदनाआत्ती


कोल्हापूर
१२ ऑगस्ट

आत्ती,

तुझं पत्र वाचून चुरगळलं. मग रडले. मग परत सरळ करून करपलेल्या भाकरीचा भाग वाचून हसले. तुझ्यावर धड रागही धरता येत नाही.

आधी व्हायरसचं. बऱ्याच जणींना त्या व्हायरसनं होतो, त्यावर लस आहे, आणि गल्लीतल्या सगळ्या पोरींना ती द्यायला पाहिजे. माझ्या जातीच्या कॅन्सरचा त्याच्याशी संबंध नाही. तो कशानं होतो ते डॉक्टरांनाही नीट सांगता येत नाही. आणि व्हायरसनं झाला असता तरी मी काही चोरी केली नव्हती. तू विचारल्यासारखं समजले, आता मी सांगितल्यासारखं समज.

माझ्या डॉक्टर प्रीती कांबळे. आपल्याच बाजूच्या आहेत, बोलताना कळतं. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "ह्याचे पेशंट इतके कमी की ठाम बोलणारा डॉक्टर भेटला तर समजायचं थापा मारतोय." मुंबईच्या डॉक्टरांना त्यांनी व्हिडिओवर माझे सगळे फोटो दाखवले. तेही म्हणाले, गाठ लहान आहे, पिशवी वाचवून बघता येईल, पण जोखीम आहे. तोंड काढलं की त्याची वरची कड तिथल्या तिथं लॅबमध्ये तपासायची. मी टेबलावर झोपलेलीच असणार. कड स्वच्छ आली तर पिशवी राहिली. नाही आली तर सगळी काढायची, तेव्हाच.

मग त्यांनी श्रुतीलाही बाहेर पाठवलं आणि मला एकटीला विचारलं, "तुम्हाला काय पाहिजे?" मी म्हटलं, सांगते उद्या. दुसऱ्या दिवशी परत तेच विचारलं. घरचं कोण आलंय, मालक कुठायत, असलं काही नाही. मला इतकं अवघड वाटलं आत्ती. आपल्याकडं साडीचा रंगसुद्धा चारचौघांत ठरतो.

काही जणी आधी अंडी काढून गोठवून ठेवतात, असंही त्या म्हणाल्या. मला तुझा चेहरा आठवला. आपल्या घरात केकसुद्धा विचारून आणतात, आणि माझी अंडी फ्रीजमध्ये. तेवढा वेळ नाही म्हणून ते राहिलं, तू निवांत झोप.

एक सप्टेंबरला ऑपरेशन आहे. नेमकं दशलक्षण पर्वात. पर्वाला घरी का येत नाही असं तात्या विचारणार. काहीतरी साधं सांग. कंपनीत ऑडिट आहे म्हण. साधं सांग, तुझ्या पद्धतीनं नको.

आणि लाड म्हणू नको त्याला. माझं तेवढं एकच मागणं आहे.

आदिती


शिरोळ
३० ऑगस्ट

आदिती,

शांतपणे वाच. मी घाण करून ठेवलीया.

तू सांगितलेलं ऑडिटच मी बोलणार हुते. परवा पर्वाचा पहिला दिवस, देवळात प्रवचन झालं. देवळाच्या अध्यक्षांची बायको सुगंधाबाई जवळ आली, म्हणली, आदिती दिसत न्हाय. मी तोंड उघडतीय तवर तीच म्हणली, "शिकल्या की पोरींना धर्म नकोसा हुतोय." झालं. माझ्या तोंडातनं गेलं, "दहा उपास धरल्यात तिनं, कोल्हापुरात. नुसत्या पाण्यावर."

आता मला वाटलं मी तिच्या कानात बोलले. पर मला माझा आवाज कुठं कळतोय. सगळा मंडप वळला. मागनं कुणीतरी जयजयकार केला.

आता चौकात फ्लेक्स लागलाय. उपास करणाऱ्या बाकीच्या सात बाया साठीच्या वरच्या, तू एकटी तरणी, म्हणून तुझा फोटो सगळ्यांत मोठा. फोटो तुझ्या बानंच दिला, तुमच्या पन्हाळ्याच्या ट्रिपमधला. तू कणीस खात हुतीस त्यात. कणीस कापलंय त्यांनी, पर गाल फुगलेलाच ऱ्हायलाय. नुसत्या पाण्यावरच्या बाईचा गाल एवढा कसा, कुणी इचारलं न्हाय अजून.

सात तारखेला पारण्याची मिरवणूक हाय, बँडसकट. तुझा बा म्हणतोय माझ्या लेकीला माझ्याच ट्रॅक्टरवर बसवणार. दोन दिस ट्रॅक्टर धुतोय. काल तर गाडी करून तुला बघायला निघाला हुता, सोबत अर्धी गल्ली आन नारळाचं पोतं. मी म्हणलं, तिनं मौन घेतलंय, घरचं माणूस दिसलं तर मोह सुटत न्हाय, उपास मोडतोय. कुठल्या ग्रंथात लिवलंय त्यानं इचारलं न्हाय, भक्तीत हाय तो.

पर मी घरनं हलले की ह्यो निघणार. म्हणून सोमवारी मला येता येत न्हाय. माझ्याच जिभेनं मला तुझ्या उशाला बसू दिलं न्हाय. हे लिवताना लाज वाटतीया. श्रुतीला म्हणावं, आत्तीची जागा धर.

आन एक. वृषभच्या आईचा फोन आलता सांगलीस्नं. "अशी सून मिळायला पुण्याई लागती" म्हणत हुत्या, खुशीत हुत्या. वृषभला सगळं ठाऊक हाय तर ती माउली अशी कशी बोलती? खरं सांग.

आत्ती


कोल्हापूर, दवाखाना
३१ ऑगस्ट

आत्ती,

तुझं पत्र श्रुतीला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की सिस्टर येऊन रागावून गेल्या. उद्याच्या ऑपरेशनसाठी आज रात्रीपासून मला पाणीसुद्धा बंद आहे, म्हणजे तुझं बोलणं एका रात्रीपुरतं तरी खरं झालं. बाकीच्या नऊ दिवसांचं तुझं तू बघ.

वृषभला सांगितलेलं नाही. खोटं बोलण्यात आपलं घराणं एकच आहे. एक-दोनदा फोन हातात घेतला. तो हॉलच्या सजावटीचं विचारायला लागला आणि मी पिवळे झेंडू चालतील म्हटलं. त्याच्या आईचा मलाही निरोप आलाय, उपवासात साता आहे ना, बरं आहे ना, विचारत होत्या.

तुला यायला जमत नाही हे वाचून आधी चिडले. आता नुसती तुझी आठवण येतेय. मला भीती वाटतेय. ऑपरेशनची नाही. शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा काय ऐकायला मिळेल, त्याची.

डॉक्टर मघाशी परत येऊन बसल्या. म्हणाल्या, "कड खराब आली तर? तेव्हा तुम्हाला उठवून विचारता येणार नाही. आत्ता सांगा." त्या बसून राहिल्या, घाई केली नाही. मग मी म्हटलं, काढा. सही केली. अक्षर चांगलं आलंय.

आदिती


४ सप्टेंबर

आत्ती,

पिशवी गेली.

वरची कड स्वच्छ आली नाही. डॉक्टर संध्याकाळी कॉटवर येऊन बसल्या, माझं बोट धरलं आणि सरळ सांगितलं. "तुम्ही म्हणाला होता तसं केलं." अंडाशयं ठेवलीत, थोडी वर सरकवून, पुढं रेडिएशन लागलंच तर वाचावीत म्हणून. गाठींचा रिपोर्ट यायचाय.

मी बरं म्हटलं. मग दोन दिवस कुणाशी बोललेच नाही. तुझं ते मौनही खरं करून दिलं बघ.

मला मूल हवं होतं आत्ती. फार हवं होतं. नाव ठरवलं नव्हतं, पण केस कुरळे असणार हे ठरवलं होतं, तुझ्यासारखे.

काल वृषभला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, मला आठ दिवस दे. दिले. खोटं काही बोलला नाही, माझ्यापेक्षा बराच म्हणायचा.

बाहेर गणपती मंडळांचे साउंड चाललेत. खिडकीची काच थरथरतेय आणि टाकेपण.

पुढच्या पत्रात 'त्यात काय' हे दोन शब्द दिसले तर पत्र फाडून टाकीन.

आदिती


शिरोळ
१६ सप्टेंबर

आदिती,

ते दोन शब्द लिवत न्हाय. म्हणून तर एवढं दिस लागलं. त्यांच्या जागी काय लिवायचं ते सापडंना.

तुझं पत्र गोठ्यातच वाचलं. मला वाटलं मी गपगुमान रडतीया. मान वर केली तर दारात तुझा बा, त्याच्या मागं आकाराम, त्याच्या मागं चौगुल्याची सून. केवढ्यानं रडले असंन. तुझ्या बानं पत्र मागितलं. वाचलं. मला वाटलं कोसळतोय, पर डोळ्यांत टिपूस न्हाय. नुसतं म्हणला, "तिला एकटीला झोपवली तुम्ही तिथं." आन पायांत चप्पल न घालता मोटरसायकल काढली. पुढचं तुला ठावं हाय, तवापासनं तो तुझ्या उशाशीच हाय. मला त्यानं अजून माफ केलेलं न्हाय. करंल.

काल त्याचाच फोन आला. गाठी स्वच्छ आल्या, मुंबईचं डॉक्टर बी म्हणलं रेडिएशन नको, दर तीन म्हैन्यांनी तपासायचं. एवढं बोलून मग रडला. मी स्पीकर लावला हुता, सगळी गल्ली रडली.

मागं हितं काय झालं ते ऐक. सात तारखेला मी एकटीच मिरवणुकीला गेले. सात बाया गाड्यांत, तुझी खुर्ची मोकळी. वृषभची आई आलती, नारळ, साडी, चांदीचा पेला घिऊन. अध्यक्ष तुझं नाव पुकारायला लागलं. मी माईक घेतला. पोरं म्हणली, मावशी, तुम्हाला माईक नको. तरी घेतला. म्हणलं, आदितीनं उपास केला न्हाय. मी खोटं बोलले, तेबी देवळात. तिला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झालाय, ऑपरेशन झालंय, आता इडली खाती. ज्याला जे बोलायचं ते मला बोला, तिला न्हाय.

बँडवालं बी थांबलं. वृषभची आई पेला पदरात गुंडाळून निघून गेली. मला वाटलं संपलं, पोरीचं वाटोळं केलं आपण.

दुसऱ्या दिशी क्षमावाणी. मी घरोघर जाऊन क्षमा मागणार हुते, पर मला जावंच लागलं न्हाय. सकाळधरनं बायाच यायला लागल्या. आधी क्षमा म्हणायच्या, मग दाराकडं बघून पदर तोंडावर धरून, "आत्ती, मला बी मधेच जातंय." मला ऐकू येत न्हाय, मी म्हणायची, मोठ्यानं बोल. मग त्या मोठ्यानं बोलायच्या, आन भाईर बसलेल्या बाकीच्या म्हणायच्या, व्हय गं, मला बी. सुगंधाबाई आली. तिच्या सुनंला चार म्हैने हुतंय, देवाचं बघत हुते म्हणं.

तिसऱ्या दिशी वृषभची आई परत आल्या. मला वाटलं मिरवणुकीत ऱ्हायलेला नारळ न्यायला आल्या, तो मी उचलून दिला. त्यांनी बाजूला ठिवला. म्हणल्या, "पाळी बंद होऊन सहा वर्षं झाली. दोन वर्षं झाली, परत दिसतंय. पोराला कसं सांगू?" आम्ही दोघी चहा घेतला. लग्नाचं त्यांनी काढलं न्हाय, मी बी न्हाय. वृषभचं तू आन तो बघा.

आता माझं सांगते, परत इचारू नको. माझी काढली तवा मी एकोणतीस वर्षांची हुते. लेकरू झालेलं न्हवतं. नुसतं पोट दुखत हुतं. सासरा आन डॉक्टर दवाखान्याच्या पायरीवर बोललं आन ठरलं. मी आत खाटंवर हुते, धा पावलांवर. शुद्धीवर आल्यावर सासू म्हणली, त्यात काय. तवापासनं मी बी सगळ्यांना तेच म्हणत आले. तुलाबी म्हणलं. तुझ्या पत्रात वाचलं, डॉक्टरीणबाई बसून ऱ्हायली, घाई केली न्हाय. ते परत परत वाचलं मी. तुझी गेली त्याचं दुःख हाय मला. पर तुला इचारून गेली.

गुरुवारी आम्ही येतोय. आकारामनं दुधाचं कॅन काढून टेम्पो धुतलाय, खाली गोणपाट टाकतोय. अकरा बाया हायत, सांगलीच्या विहीणबाई धरून. दोघी-तिघींचं नवरं बी मागनं मोटरसायकलीवर येतो म्हणत्यात, बायकोला बोलायला जमत न्हाय म्हणं. डॉक्टरीणबाईंना सांगून ठिव, एकेकीला एकटीला आत घ्या आन तिलाच इचारा. नवऱ्यांना तुझा बा भाईर चहा पाजंल.

आत्ती